शेततळ्यातल्या रोहूवर उवा पडल्या: मासा खावा का, विकावा का?

तळेकाठी
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. बागेसाठी ३४ बाय ३४ मीटरचं शेततळं, कागद टाकलेलं. पाणी आहेच तर मासे सोडू म्हणून गेल्या जुलैत ८०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. निम्मे रोहू, बाकी कटला आणि थोडे मृगळ. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घालतो. रोहू आता सहाशे-सातशे ग्रॅम भरतो.

महिनाभर बघतोय, मासे कागदाला अंग घासतात आणि मध्येच पाण्याबाहेर उसळ्या मारतात. परवा पाग (फेकजाळं) टाकला. रोहूच्या पोटाजवळ आणि पराच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढे चपटे, आरपार दिसणारे किडे. बोटानं दाबायला गेलो तर खवल्यांवरून सरसर पळाला. एका माशावर अकरा मोजले. जिथं बसले होते तिथं लाल ठिपके.

शेजारी म्हणतात मासे काढून पुरून टाका. औषधाच्या दुकानदाराने फवारणीचं कीटकनाशक हातात दिलं, म्हणाला तळ्यात ओता. पण हेच पाणी ठिबकनं झाडांना जातं, गाई पितात. मासा खाल्ला तर चालेल का? औषध टाकू का? आणि मे महिन्यात तळं आटायच्या आत सगळा माल काढायचाच आहे, तर काट्यांमुळे व्यापारी भाव पाडून मागतो त्यावर काही उपाय आहे का? मनापासून विचारतोय, वर्षभराची मेहनत आहे.

खाडीकिनारा
माझं मत स्पष्ट आहे. मासळी म्हणजे समुद्राची. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, त्यात आता उवा. घरच्यांना खायला घालू नका.

वैनगंगा
तळेकाठी भाऊ, घाबरू नका जी. भंडाऱ्याकडं आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात ही ऊ दर उन्हाळ्यात दिसते. पाणी कमी झालं, मासे दाटले की ती वाढते. आमची माणसं मासा खरडून, धुऊन, तिखट रस्सा करून पिढ्यानपिढ्या खात आली. कोणाला काही झालेलं मी तरी पाहिलं नाही.

दुकानदाराची बाटली मात्र ओतू नका. आमच्या शेजारच्या गावात एकानं अशीच अंदाजानं ओतली. संध्याकाळी बांधावर झिंगे लाल होऊन पडले होते, सकाळी मासे उलटे. पाऊण तलाव रिकामा झाला. तिथल्या मच्छीमार सोसायटीतल्या बायका काठावर बसून रडत होत्या, ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

कल्ले_आणि_खवले
मी वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेत माशांच्या रोगांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वर्णन केलाय तो आर्ग्युलस, लोक माशाची ऊ म्हणतात. डोक्यावरच्या उवेशी त्याचं नातं नाही, तो झिंग्या-खेकड्यांच्या कुळातला. म्हणूनच वैनगंगा यांच्या शेजारच्या गावात ऊ मारायला गेले आणि आधी झिंगे मेले. खालच्या बाजूला दोन गोल चोषक असतात, त्यांनी तो खवल्याला घट्ट धरतो. सुईसारखा डंख आहे, तो टोचून रक्त आणि द्रव ओढतो. जखमेतून मग जिवाणू शिरतात आणि फोड येतात. मासा बहुतेक वेळा मरतो तो या दुसऱ्या फेरीत.

आपल्याकडे कार्प तळ्यांत मुख्यतः आर्ग्युलस सायमेन्सिस ही जात सापडते आणि रोहू तिचं आवडतं ठिकाण. भुवनेश्वरच्या मत्स्यपालन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात या एका किड्यामुळे कार्पपालकाचं हेक्टरी वर्षाला साडेएकोणतीस हजार रुपयांच्या आसपास नुकसान निघालं होतं. एवढा मोठा प्रश्न असून शेतकऱ्यापर्यंत एक साधं माहितीपत्रक पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खाण्याबद्दल: आर्ग्युलस माणसाला लागत नाही. खवले काढताना, धुताना तो गळून जातो. अंगावर उघडा फोड, सडलेलं मांस असेल तो मासा मात्र घ्यायचा नाही, विकायचाही नाही. लाल ठिपका एवढंच असेल तर शिजवून निर्धास्त खा.

साधीमाणसं
म्हणजे उवा मारायला रोहूसाठी फणी आणावी लागणार 🙂

कल्ले_आणि_खवले
साधीमाणसं, हसू आलं, पण खरं उत्तर जवळपास तसंच आहे! फणी माशाला नाही, तळ्याला फिरवायची.

आर्ग्युलसची मादी अंडी माशावर घालत नाही. पोट भरलं की मासा सोडते, पोहत जाऊन दगड, बांबू, पाइप अशा कडक पृष्ठभागावर रांगेनं अंडी चिकटवते. एकेका खेपेला शेकड्यांनी. कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत पिल्लं फुटतात आणि त्यांना लवकर मासा मिळाला नाही तर मरतात. औषध माशावरच्या उवा मारतं, अंडी तशीच राहतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि लोक म्हणतात औषध नकली होतं.

मग मादीला अंडी घालायला आपणच जागा द्यायची. बांबूचे तुकडे, खरखरीत फळ्या, जुने कौल, दोरीला बांधून वेगवेगळ्या खोलीवर टांगायचे. आठ-दहा दिवसांनी बाहेर काढायचे, कडक उन्हात वाळवायचे, खरवडून पुन्हा टांगायचे. उत्तर आयर्लंडमध्ये ट्राउट माशांच्या एका तळ्यात पाट्या टांगून हेच केलं होतं. पाण्यात विष नाही, खर्च नाही, लागते फक्त चिकाटी.

तळेकाठी, तुमचं तळं कागदाचं आहे. तळाला चिखल नाही, दगड नाहीत. म्हणजे अंडी बहुतेक कागदाच्या भिंतीवर, मोटारीच्या पाइपवर, फूटव्हॉल्व्हवर असणार. पाण्याच्या रेषेखाली हात फिरवून बघा, खसखशीसारखं खरखरीत लागेल.

तळेकाठी
आत्ता रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन गेलो. पाइपच्या खालच्या बाजूला बोटाला लागलं! रांगाच रांगा, पिवळट, काही तपकिरी. मी वर्षभर तो पाइप हातात धरतोय आणि मला वाटायचं शेवाळ आहे.

शेवंता
वाचून अंगावर काटा आला. असंच धाग्यावर लिहीत राहा हो.

डाळिंबवाला
माझाही एक प्रश्न. जनावरांच्या गोचिडाचं इंजेक्शन खाद्यात मिसळून दिलं की ऊ जाते असं आमच्याकडे करतात. चालतं का?

कल्ले_आणि_खवले
त्या गटातली औषधं आर्ग्युलसवर काम करतात हे प्रयोगांत दिसलंय. इमामेक्टिन बेन्झोएटवर रोहूत काम झालंय, नॉर्वेत सामन माशाच्या उवांवर ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पण प्रयोगशाळेत मासा मोजून, खाद्य मोजून, त्यानंतर मांसात किती दिवस अंश राहतो ते तपासून देतात. घमेल्यात अंदाजानं मिसळलेलं इंजेक्शन म्हणजे एका माशाला काहीच नाही आणि दुसऱ्याला चौपट. तो चौपटवाला कुणाच्या तरी ताटात जाणार. मात्रा इथे विचारू नका, मी सांगणार नाही. तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्याला तळं दाखवा.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या फवारणीच्या कीटकनाशकांचंही तसंच. उपयोग होतो, पण माशालाही ती विषारीच. मेहनतीनं फळ्या टांगा आणि दाटी कमी करा, हे आधी.

भीमाकाठ
दाटी कमी करा याला अनुमोदन. मी उजनीच्या काठचा. आमच्याकडे आता चिलापीचंच (तिलापिया माशाचं) राज्य आहे, तरी ज्या तळ्यात मासा मावत नाही तिथंच रोग आधी येतो हे पन्नास वेळा पाहिलंय. मोठे मासे आत्ताच काढून विका. अंगावर उवा घेऊन आणखी दोन महिने खाद्य घालण्यात अर्थ नाही. ऊ लागलेला मासा खातो कमी आणि घासतो जास्त.

एक मात्र बोलतो. रोहू हा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा मासा. शेततळ्यात पाळा, आनंदानं पाळा, पण उरलेली बोटुकली ओढ्यात-नदीत सोडू नका. पुराच्या पाण्यात तळं फुटणार नाही हेही बघा. उवांसकट मासा नदीत गेला तर आपल्या मूळच्या माशांनी जायचं कुठं?

वैनगंगा
भीमाकाठ यांचं पटलं. मूळ मुलखाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमचे आजोबा ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीत होते. त्यांच्या तरुणपणी रोहू-कटल्याचं बीज हावड्याहून रेल्वेनं यायचं. ॲल्युमिनियमच्या हंड्यांत पाणी, पाण्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली इवली पिल्लं. सोबत आलेली माणसं रात्रभर जागून हातानं पाणी चापटत बसायची, पाण्यात हवा राहावी म्हणून. हात थांबला की जिरे मेले. गोंदियाच्या फलाटावर हंडी उतरली की आजोबा आधी कान लावायचे, म्हणायचे जिवंत हंडीचा आवाज वेगळा असतो.

कल्ले_आणि_खवले
वैनगंगा, काय सुंदर आठवण! त्या हंड्यांची गरज संपायला ज्या कामानं सुरुवात झाली ते ओडिशातच झालं. रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला नदीचा पूर लागतो. १० जुलै १९५७ रोजी अंगुल इथं हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतली पियूषिका ग्रंथी काढून, तिचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्प माशांकडून अंडी मिळवली. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. त्या ग्रंथी कुठून यायच्या? मासळीबाजारात कापल्या जाणाऱ्या डोक्यांतून. कवटीचा वरचा तुकडा उडवून वाटाण्याहून लहान ग्रंथी चिमट्यानं उचलायची आणि अल्कोहोलात ठेवायची. मी शिकताना ते केलंय. पहिल्या दहा तर माझ्या चिमट्यात फुटल्याच. अकरावी अखंड निघाली तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

डाळिंबवाला
मग ती 'जयंती' रोहू घेतली तर ऊ लागत नाही का? बीजवाला तसं सांगून जादा पैसे घेऊन गेला.

कल्ले_आणि_खवले
नाही. जयंती रोहूची निवड वाढीसाठी झालीय. १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या संस्थेनं नॉर्वेच्या संशोधकांबरोबर काम सुरू केलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतले रोहू आणून त्यांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या वाढीत पुढे असलेली पिलं निवडली. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, ती दिली म्हणून 'जयंती'. एका पिढीमागे वाढीत सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास फायदा मिळत गेला, हे फार मोठं काम आहे. पुढे एरोमोनास या माशांना रोग करणाऱ्या जिवाणूला तोंड देणाऱ्या रोहूंचीही निवड केली. पण ऊ न लागणारा रोहू म्हणून कुणी विकत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

डॉ_निरामय
मी डॉक्टर आहे, माशांचा नव्हे. उवांची भीती बाळगणाऱ्यांनी त्याहून खरी भीती लक्षात ठेवावी म्हणून लिहितो. साफ करताना रोहूचं पित्त. हिरवी पिशवी असते ना यकृताला चिकटलेली, ती. काही ठिकाणी मधुमेहावर, डोळ्यांवर उपाय म्हणून लोक ती कच्ची गिळतात. भारतात आणि नेपाळमध्ये यानं मूत्रपिंडं बंद पडून रुग्ण डायलिसिसवर गेल्याच्या नोंदी आहेत. पित्तात सायप्रिनॉल नावाचं द्रव्य असतं. उकळलं तरी ते निष्प्रभ होत नाही. मी स्वतः एक आजोबा पाहिलेत. दोन दिवस उलट्या, मग लघवी बंद. सुदैवानं वाचले. कृपा करून हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा.

दुसरं, कच्चा किंवा अर्धकच्चा गोड्या पाण्यातला मासा. थायलंड-लाओसकडे आणि चीन-कोरियात कार्प कुळातले मासे कच्चे खाऊन यकृतात पर्णकृमी (पानासारखे चपटे कृमी) होतात, आणि त्यांतून पित्तनलिकेचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे कृमी कर्करोगकारक म्हणून नोंदले आहेत. आपला रस्सा खदखदा उकळतो, म्हणून आपण वाचतो. ती सवय सोडू नका.

हुगळीकाठची
डॉक्टर, पित्ताचं लिहिलंत ते फार चांगलं केलंत. इथं बाजारात मासेवाला पित्त फुटू न देता इतकं अलगद उचलतो की बघत राहावं. फुटलंच तर तो तुकडा धुऊन भागत नाही, कडूच लागतो.

मी साताऱ्याची, लग्न होऊन कोलकात्यात. सासरी पहिल्या जेवणात रुई माछेर झोल. आयुष्यात सुरमई-पापलेट खाल्लेली मी, पहिल्याच घासाला काटा घशात. सासूबाईंनी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि शांतपणे सांगितलं, तुला गादा दिला, पेटी द्यायला हवी होती. पाठीकडचा तुकडा म्हणजे गादा, पोटाकडचा म्हणजे पेटी. पेटीत फक्त मोठ्या बरगड्या, दिसतात, काढता येतात. गाद्यात आणि शेपटीत ते बारीक, वाय अक्षरासारखे काटे मांसात लपलेले.

तळेकाठी, व्यापारी सबंध मासा भाव पाडून मागतो ना? तर वेगळं करून विका. पेटी मुलांना, नवख्यांना. डोकं मुडीघंटो (माशाच्या डोक्याचा बंगाली पदार्थ) करणाऱ्यांना, आणि ते इथं सगळ्यात आधी संपतं.

म्हापसेकर
खाडीकिनारा यांना मी आधी हो म्हणणार होतो. पण जुलै २०१८ आठवतं. गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन (फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं विषारी द्रावण) असल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारनं पंधरा दिवस परराज्यातली मासळी बंद केली. आमच्या घरात महिनाभर कुणी बाजाराच्या मासळीला हात लावला नाही. तेव्हा एका ओळखीच्याच्या तळीतला जिवंत रोहू आणला. समोर पोहत होता, समोर कापला. समुद्राचा नव्हता, पण काय खातोय ते माहीत होतं.

कल्ले_आणि_खवले
म्हापसेकर, त्याच वर्षी कोचीच्या मत्स्यतंत्रज्ञान संस्थेचा फॉर्मेलिन तपासणीचा संच बाजारात आला. कागदाची पट्टी माशाच्या अंगावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा. आणि एक बारकावा: समुद्राच्या काही माशांत साठवणीत आपोआप थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं, कारण त्यांच्या मांसात एक विशिष्ट संयुग भरपूर असतं. गोड्या पाण्यातल्या कार्पमध्ये ते नगण्य. समुद्राच्या शिळ्या माशाचा तो टिपिकल वासही त्याच संयुगातून येतो.

आता चिखलाच्या वासाकडे. खाडीकिनारा यांना येतो तो वास खरा आहे. त्याचं नाव जिओस्मिन. तळ्यातली निळी-हिरवी शेवाळं आणि काही जिवाणू ते बनवतात, पहिल्या पावसाचा मातीचा वास तोच. माशाच्या चरबीत ते मुरतं. काढायचे दोन मार्ग. विक्रीआधी मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात, खाद्य न देता ठेवायचा. आणि स्वयंपाकात आंबट. आंबटात जिओस्मिन मोडतं. आपल्या आज्यांनी माशाला चिंच, कोकम, लिंबू लावलं ते उगाच नव्हे.

खाडीकिनारा
कोकमाचं वाचून गप्प बसवेना. आमच्याकडे तिखलं करताना आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून अर्धा तास ठेवतात. तळ्याच्या माशाला कधी लावून पाहिलं नाही, कारण तो घरात आणलाच नाही. आणून बघतो. प्रामाणिकपणे कळवीन.

फ्रांकोनियातून
न्यूर्नबर्गजवळ राहते. इथं आइशग्रुंड नावाच्या तळ्यांच्या भागात साधा कार्प, आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात तो, शेकडो वर्षं पाळतात. फक्त इंग्रजी नावात 'र' असलेल्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, खायचा असा दंडक आहे. अख्खा मासा उभा चिरून अर्धा ताटात, कुरकुरीत तळलेला.

काट्यांचं काय करतात बघायला मी एकदा मुद्दाम एका तळेवाल्याकडे गेले. त्याच्याकडे गोल पात्यांची रांग असलेलं यंत्र होतं. अर्धा मासा कातडी खाली ठेवून त्यावरून जातो, पाती काही मिलिमीटर अंतरानं मांस आणि काटे कापतात, कातडी कापत नाहीत. बारीक झालेले काटे तळताना इतके कुरकुरीत होतात की जिभेला कळत नाहीत. यंत्र नसेल तर धारदार सुरीनं हातानंही करतात. कापताना करकर आवाज येतो, आवाज आला म्हणजे काटा कापला गेला.

कल्ले_आणि_खवले
वा, फार उपयोगी. चीनमध्ये तर गिबेल कार्प माशात रंक्स-टू-बी नावाचं जनुक बंद करून हे बारीक काटे नसलेले मासे तयार केलेत. बरगड्या, कणा जागेवर, फक्त मांसातले काटे नाहीत. आपल्या ताटापर्यंत ते येईल तेव्हा येईल, सुरी आजच्या आज हातात आहे.

शेवंता
आमचा बचत गट रोहूचे कटलेट करून आठवडी बाजारात विकतो, म्हणून हा धागा जीव लावून वाचतेय. आमची पद्धत: खवले काढून, पित्त सांभाळून साफ करायचं, वाफवायचं, गार झालं की हातानं काटे वेचायचे. १ किलो ४०० ग्रॅमच्या रोहूतून आम्हाला शेवटी पाचशे ग्रॅमच्या आसपास काटाविरहित मांस मिळतं. सुरुवातीला मटण खिम्याच्या यंत्रात घातलं होतं, त्यानं काटेच दळून दिले, एका मुलाच्या तोंडात टोचलं. तो माल त्याच दिवशी फेकला.

अडचण एकच, कटलेट तळताना सुटतात. बटाटा वाढवला की माशाची चव जाते. काय करू?

कल्ले_आणि_खवले
शेवंताताई, तुम्ही आधी वाफवता तिथं मेख आहे. माशाच्या मांसातली जी प्रथिनं चिकट जाळं विणतात, ती उष्णतेनं आधीच घट्ट होऊन जातात. मग बांधायला काही उरत नाही. कच्चं मांस खरवडून घ्या. मासा कापल्यावर शेपटीकडून डोक्याकडे चमच्यानं खरवडलं तर बरेच काटे मागे राहतात, उरलेले हातानं. मग बर्फाच्या पाण्यात दोनदा धुवायचं, कापडात पिळायचं. त्यानं रक्त, वास, पाण्यात विरघळणारी प्रथिनं जातात. मग किलोला २०-२५ ग्रॅम मीठ घालून थंडच मळायचं. परातीखाली बर्फ ठेवा.

जपानमध्ये याला सुरिमी म्हणतात. १९६० च्या सुमारास होक्काइडोत ते गोठवूनही टिकवायची युक्ती सापडली: धुतलेल्या मांसात साखर मिसळायची. आपल्याकडे रोहूच्या सुरिमीवर खूप काम झालंय. मोठ्या कामाला मांस-काटे वेगळे करणारं छिद्राच्या पिंपाचं यंत्र मिळतं, तुमच्या गटाला अनुदानातून बसेल का ते विचारा.

शेवंता
(चार दिवसांनी) केलं! मीठ घालून मळायला लागले आणि पाच मिनिटांत पीठ बदललं. आधी भुसभुशीत होतं, मग चकचकीत, हाताला ओढ धरणारं, परातीपासून सुटून गोळा झालं. आम्ही सातही जणी थांबून बघत होतो. बटाटा निम्म्यावर आणला. एकही कटलेट फुटला नाही. मळताना हात बधिर झाले, पण दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.

खाडीकिनारा
शब्द दिला होता म्हणून लिहितो. बाजारातून जिवंत रोहू आणला, पेटीचे तुकडे, आगळ लावून अर्धा तास, मग तिखलं. चिखलाचा वास आला नाही. सुरमई ती सुरमई, यात बदल नाही. पण 'घरच्यांना खायला घालू नका' हे वर लिहिलं ते चूक होतं, मागे घेतो.

हुगळीकाठची
❤️ आता डोक्याचाही मान राखा.

डाळिंबवाला
तळेकाठी, तुमच्या तळ्याचं काय झालं ते सांगा की. आम्ही सगळे अडकून बसलोय.

तळेकाठी
उशीर झाला, बागेत छाटणी चालू होती. सविस्तर सांगतो.

दुसऱ्या दिवशी मोटारीचा पाइप बाहेर काढून खरवडला. बांबूचे तीसेक तुकडे आणि जुन्या गोठ्याचे कौल दोरीनं टांगले, एक हातावर, दोन हातांवर आणि पार खाली. तालुक्याचे अधिकारी येऊन गेले. फोड आलेले तीन मासे बाजूला काढून चुना घालून पुरले. पाऊणशे मोठे मासे जाळं ओढून काढले, दोन दिवस विहिरीच्या हौदात ताज्या पाण्यात ठेवले आणि गावातच विकले. आईनं पाठीच्या तुकड्यांना फ्रांकोनियाताईंनी सांगितलं तसं विळीवर बारीक चिरे दिले, रव्यात तळले. करकर आवाज खरंच येतो. आमचा पाच वर्षांचा मुलगा स्वतःच्या हातानं खाऊन गेला. व्यापारी जो भाव देत होता त्याहून पेटीला बराच जास्त मिळाला.

नवव्या दिवशी बांबू वर काढले. वरच्या हातभर तुकड्यांवर कमी, दोन हातांवरच्या बांबूंवर सगळ्यात जास्त, सालीच्या बाजूला ओळीनं गच्च. काही अंड्यांत दोन काळे ठिपके दिसत होते, भिंगातून पाहिलं तर डोळे. पत्र्यावर दुपारभर वाळवले, मग तारेच्या ब्रशनं घासले. कौलांवर त्या मानानं फारसं काही नव्हतं.

कालच्या पागात सहा रोहू आले. सगळ्यात जास्त उवा एका माशावर तीन होत्या, दोघांवर एकही नाही. कागदाला घासणं कमी झालंय, उसळ्या अजून दिसतात. बाटली दुकानदाराला परत दिली.

कल्ले_आणि_खवले
अकरावरून तीन! मनापासून अभिनंदन. काळे डोळे दिसले म्हणजे पिल्लं फुटायला थोडेच दिवस होते, अगदी वेळेवर काढलेत. आता नऊ दिवसांचं अंतर मोडू नका, ऊन वाढेल तशी अंडी लवकर फुटतात, तेव्हा सात दिवसांवर या. मे महिन्यात तळं रिकामं झालं की कागद पंधरा दिवस कोरडा तापू द्या. जुलैत नवी बोटुकली आली की पिशवीतून थेट सोडू नका, आधी परातीत घेऊन बघा, संशय आला तर परत पाठवा. मिठाच्या पाण्यात, शंभर लिटरला दोन-तीन किलो, काही मिनिटं बुडवून काढा, कलंडायला लागली की लगेच साध्या पाण्यात. मिठानं सगळी ऊ सुटेल असं नाही, पण कल्ल्यातले बारीक परजीवी बरेच जातात.

आणि कौलांवर का नाही, बांबूवरच का, हे तुमच्या तळ्यात नोंदवत राहाल का? खोली, तारीख, अंदाजे रांगा. वहीत दोन ओळी पुरे.

तळेकाठी
वही कालपासूनच सुरू केलीय. पुढचे बांबू मंगळवारी काढतोय, फोटो टाकतो.

वैनगंगा
आमच्या सोसायटीनं या रविवारी चाळीस बांबू तोडायचे ठरवलेत जी. तळेकाठी भाऊ, दोरीला खाली वजन काय बांधलंत तेवढं सांगा.

तळेकाठी
ठिबकच्या जुन्या पाइपात वाळू भरून दोन्ही तोंडं वळवून बांधली. दगड बांधू नका, कागदाला भोक पडतं. तुमच्या मातीच्या तलावात दगड चालेल, पण तोही दर वेळी बाहेर काढून घासा, अंडी त्यालाही चिकटतात.